कौतिक कंपोझिटरची देवापुढची प्रत

दुपारी दोनच्या सुमाराला जळगावचा रस्ता पांढरा पडायचा. सायकली थांबायच्या, गटारीच्या कडेचं कुत्रंही कान हलवायचं नाही, आणि भाईदास नानांच्या छापखान्यातली ट्रेडल मशीन जेवणापुरती गप्प व्हायची. नेमकी तीच वेळ कौतिकची. डबा खाऊन झाला की तो डाव्या हातात अक्षरं जुळवायची लोखंडी स्टिक धरायचा, टाईपाच्या केससमोर उभा राहायचा आणि डोळे अर्धे मिटायचा. मग उजवा हात आपला आपण खणाखणांतून फिरायला लागायचा. या खणातून क, त्या खणातून काना, वरच्या कोपऱ्यातून अनुस्वार. शिशाचा एकेक खिळा, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक उलटं अक्षर. टिक, टिक, टिक. बाहेर ऊन नुसतं शिजत असायचं आणि कौतिक मात्र विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखा एकेक ओळ खाली खाली, गारव्यात जायचा.

कागद नाही, पेन्सिल नाही. कविता थेट शिशात.

त्याला कारण होतं. कौतिकला लिहिता येत नव्हतं. सही यायची, ती बँकेपुरती. पाचोऱ्याकडच्या गावात शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उपसण्यात बरीच वर्षं गेली, गिरवलेलं सगळं पुसलं. जळगावला छापखान्यात आला तेव्हा विशी ओलांडलेली होती. वाचायला तो शिकला ते इथेच, खिळ्यांवरून. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणून कौतिकचं वाचणंही उलटं. जुळवलेला मजकूर तो झरझर वाचायचा, आणि तोच छापून सुलटा समोर आला की अडखळायचा. जब्बार मशीनमन म्हणायचा, "कौतिकभाऊले आरशामधलं जग खरं वाटस. आपण बठ्ठे त्याले उलटे दिसतस."

गावातली लग्नं, बारशी, दहावे, निवडणुका, सगळं कौतिकच्या बोटांखालून जायचं. कोण कुणाचा जावई होणार हे गावाआधी त्याला कळायचं. पण छापलेल्या कागदाच्या तळाशी नाव असायचं ते छापखान्याचं, म्हणजे भाईदास नानांचं. जुळवणाऱ्याचं नाव कुठल्या पत्रिकेवर कधी कुणी पाहिलंय? कौतिकला त्याचा राग होता, आणि राग आला की तो खिळे जरा जोरात खणात टाकायचा. पण त्या रागाच्या आत एक इच्छा होती, ती त्याने फक्त बायकोला, सुनंदाबाईला सांगितली होती. आपण जन्मभर दुसऱ्यांचे शब्द उचलले. एकदा, एकदाच, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी अनोळखी कंपोझिटरने आपले शब्द उचलावेत. त्याच्या स्टिकमध्ये आपली ओळ उभी राहावी. ती उचलताना तो काय गुणगुणत असेल, याची स्वप्नं कौतिक उघड्या डोळ्यांनी बघायचा.

आता कविता शिशात ठेवून चालत नाही. छापखान्यात खिळे मोजके. संध्याकाळी सगळी जुळवणी मोडायची आणि खिळे आपापल्या खणात परत टाकायचे, नाहीतर सकाळी पत्रिका कशाने जुळवणार? लग्नसराईत तर 'चि.'साठी च इतके अडकून पडायचे की वैशाखातल्या कौतिकच्या कवितांत चंद्र उगवायचाच नाही. निवडणुकीत 'मत'पायी म मिळायचा नाही. जे अक्षर घरी असेल त्याच्यावर कविता भागवायची, पाहुणे आल्यावर असेल त्या पिठात भागवतात तसं. म्हणून मोडण्याआधी जब्बार त्याला शाई फिरवून दोन कच्चे छाप काढून द्यायचा, पत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी कात्रणांवर. कधी कडेला सोनेरी रेघ, कधी कोपऱ्यात अर्धा कलश. कविता छापली की मोडली. सकाळी तिचीच अक्षरं कुणाच्या तरी मांडवात अक्षता झेलत असायची.

दोन छापांपैकी पहिला देवाचा. पहिली पत्रिका कुलदैवताला, हा रिवाज सुनंदाबाई कवितेलाही लावायची. पिंप्राळ्याच्या दोन खोल्यांच्या घरात देव्हारा होता, त्यात कानबाईपुढे ती कवितेच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावून ठेवायची, आणि आठवडा झाला की पत्र्याच्या पेटीत. दुसरा छाप पाकिटात. आत दुसरं पाकीट, त्यावर आपलाच पत्ता आणि तिकीट, म्हणजे नापसंत पडली तर कवितेला परतीची वाट. पत्ते नसीम लिहून द्यायची, जब्बारची मुलगी, दहावी पास, अक्षर मोत्यासारखं.

पुण्याच्या मासिकाला, मुंबईच्या मासिकाला, नागपूरच्या. एक्क्याऐंशी साली सुरुवात केली. आणि कविता परत यायच्या. प्रत्येकीबरोबर एक चिठोरं, 'साभार परत.' कौतिक आधी ते चिठोरं उन्हात धरून बघायचा. "यांचा भ घासून गेला आहे," म्हणायचा. "टाईप बदलायला हवा. आणि हे आपल्याला शिकवणार."

"तुम्हनी कविता काय माहेरवाशीण शे का?" सुनंदाबाई म्हणायची. "धाडी नही का महिनामा घर परत येस."

"सासरी नांदायला जागा मिळाली की नाही येणार."

"सासरनं घर तरी नीट दखा. पुनाना लोकेसले आपला भागनं जेवण पचत नही, कविता काय पचनार?"

कौतिक हसायचा नाही. चुलीवरच्या भाकरीकडे बघत बसायचा. पाकीट नागपूरला जाताना काय काय बघत असेल, हे त्याला दिसायचं. रात्रीची टपालगाडी, भुसावळचा लांबलचक फलाट, खिडकीतून सरकणाऱ्या केळीच्या बागा, ओल्या पानांवर पडलेलं चांदणं. परत येताना तेच सगळं उलट क्रमाने. उलटं वाचायची सवय असल्यामुळे परतीचा प्रवासही त्याला सुंदरच वाटायचा. नऊ वर्षं अशी गेली.

नव्वद सालच्या एप्रिलात धुळ्याहून निघणाऱ्या 'सरकी' नावाच्या त्रैमासिकाची जाहिरात आली. कवितापुस्तिकांची स्पर्धा. ज्याने कधी पुस्तक काढलं नाही अशाने चोवीस कविता पाठवाव्यात, निवडलेल्या कवीची पुस्तिका 'सरकी' स्वतः छापणार. कविता अप्रकाशित हव्यात. त्रैमासिकाचं नाव वाचूनच कौतिकच्या तळहाताला खाज सुटली. सरकी उपसलेले हात होते ते. परत आलेल्यांतल्या चोवीस कविता त्याने निवडल्या, सुईदोऱ्याने शिवल्या आणि पाठवल्या.

मे महिन्याच्या नऊ तारखेला धुळ्याचं पोस्टकार्ड आलं. हाताने लिहिलेलं. नसीमने छापखान्याच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं:

'आपल्या कविता मी दोनदा वाचल्या. आवडल्या. पण त्या छापील आहेत. आधी प्रसिद्ध झालेल्या कविता स्पर्धेत घेता येत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असेल. त्या कुठे छापून आल्या ते कळवावे. अप्रकाशितच असतील तर कवीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली प्रत पंधरा तारखेपर्यंत यावी. संपादक, सरकी.'

कौतिकने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "छापील? हे कच्चे छाप आहेत. प्रूफ म्हणजे छपाई असते का? दोन प्रती, एक देवाची, एक यांची. याला प्रसिद्ध म्हणतात?"

जब्बार कागदाच्या रिमावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "भाऊ, ते तुले मालूम, माले मालूम. पुण्यामा कोनले मालूम? तू नऊ वरीस छापेल कविता धाडी राहिना. त्यास्ले वाटनं, हाऊ मानूस कोना तरी पेपरमाईन कापीसन धाडस."

नसीमने तोंडावर ओढणी धरली. भाईदास नानाही गल्ल्यावरून मान वळवून हसले. कौतिक मात्र उभाच राहिला. नऊ वर्षांच्या सगळ्या टपालगाड्या त्याच्या डोक्यातून एकदम मागे मागे गेल्या. कुणी वाचलंच नव्हतं. गुलाबी कागद आणि ठसठशीत टाईप बघून पाकीट बंद. मग त्याला असा राग आला की हातातली स्टिक त्याने केसवर आपटली आणि जुळवलेल्या चार ओळी, कुणाच्यातरी मुलीच्या लग्नाच्या, विस्कटून गेल्या.

"काका, मी लिहून देते ना," नसीम म्हणाली. "पेटीतल्या प्रती आणा. दोन दिवसांत चोवीस होतील."

"स्वतःच्या हस्ताक्षरात म्हटलं आहे. तुझा हात तुझा आहे, पोरी."

"कोणाला कळणार आहे?"

"मला."

त्या संध्याकाळी पिंप्राळ्याला त्याने वही आणि बॉलपेन घेतलं. अंगणात खाट टाकून बसला. पेन बोटांत वळेना. तो आधी सगळी अक्षरं एका रांगेत काढायचा, मग मागे येऊन काने, वेलांट्या, मात्रा बसवायचा, खिळे जुळवतात तसं. वरची आडवी रेघ तो विसरूनच जायचा, कारण खिळ्याला रेघ असतेच, वेगळी काय द्यायची? पाच संध्याकाळी गेल्या आणि सात ओळी झाल्या. पिंपळावरची वटवाघळं उडायला लागली तसं सुनंदाबाईने वही त्याच्या मांडीवरून उचलली.

"हाई अक्षर शे का मुंग्यास्नी रांग?" मग त्याचं तोंड बघून आवाज खाली आणला. "तुम्हना हात पेनना नही शे. खिळास्ना शे. मंग खिळाच लई जा ना दखाडाले."

ते वाक्य कौतिकच्या मनात रात्रभर दिव्यासारखं राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक कविता पुन्हा जुळवली. चोवीसमधली शेवटची. बाजूंना पट्ट्या लावल्या, सुतळीने चारही बाजूंनी गच्च आवळली, लाकडाच्या फळीवर ठेवून धोतराच्या फडक्यात बांधली. हाताएवढी कविता, पण वजन चांगलं किलोभर. पंधरा तारीख उद्यावर आली होती.

"लग्नसराईत सुट्टी?" भाईदास नाना म्हणाले. "कौतिक, उद्या पाच पत्रिका मशीनवर आहेत."

"नाना, परवा दहा जुळवीन. उद्या नका अडवू."

जब्बारने गाठोडं हातात घेऊन तोललं. "वकील कोर्टमा कागद लई जास. तू शिसं लई जाई राहिना."

धुळ्याची एस.टी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. कौतिक खिडकीपाशी, गाठोडं मांडीवर. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. वारा भट्टीतून आल्यासारखा, बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, त्यांच्यावर थरथरणारं मृगजळ. त्या मृगजळात झाडं खाली डोकं वर पाय उभी होती. कौतिकला ती बरोबर वाचता येत होती. त्याचा डोळा लागला. स्वप्नात सगळा जिल्हाच त्याला एका मोठ्या केससारखा दिसला, एकेक गाव एकेक खण, आणि कुणीतरी वरून हात फिरवून माणसं उचलत होतं.

पारोळ्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. गाठोडं कौतिकच्या मांडीवरून उडून खाली आपटलं, सुतळी सुटली, आणि कविता बसभर पसरली. बाकांखाली, चपलांत, कोंबडीच्या खुराड्याखाली, भांड्यांच्या पोत्यामागे.

कौतिक गुडघ्यांवर बसला. बाकाखाली हात घालून खिळे वेचायला लागला.

पुढच्या बाकावरच्या म्हातारीने एक खिळा उचलून डोळ्यांपाशी नेला. "हाई काय शे भो? दात शेतस का कोना?"

"अक्षरं शेतस, अक्का."

"मंग हाई कोनतं?"

कौतिकने बघितलं. "ह. हळदीतला."

"हळदना का," म्हातारी म्हणाली आणि तो खिळा तिने पदराने पुसून त्याच्या हातात दिला. मग मागून एका पागोटेवाल्याने विचारलं, "आन हाऊ?" कौतिक म्हणाला, "र." सगळी बस खाली वाकली. माणसं एकेक खिळा उचलायची, बोटांत फिरवून बघायची आणि त्याचं नाव विचारून मगच परत द्यायची. कंडक्टरनेही तिकिटाच्या पेटीत पडलेला एक य शोधून दिला. कौतिक नावं सांगत होता, आणि त्याला वाटत होतं, हे आता कधी संपू नये. जन्मात वहीला हात न लावलेली माणसं त्याची कविता तळहातावर घेऊन बसली होती. बस मृगजळातून चालली होती की मृगजळ बसमधून, ते सांगता येत नव्हतं.

गाठोडं पुन्हा बांधलं. पण आता ती कविता राहिली नव्हती, नुसता शिशाचा ढीग होता.

धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये पत्ता सापडला. जिन्याने वर गेला तर गच्चीवर एक साठीच्या बाई खाटेवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या, डोक्यावर पदर, हातात कावळे हाकायची काठी.

"संपादक कुठे भेटतील?"

"भेटले," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

कौतिकने गाठोडं खाली ठेवलं. पोस्टकार्ड लिहिणारा माणूस त्याने मनात चष्मेवाला, कोट घातलेला केला होता. "मी जळगावचा कौतिक. छापील कवितांवाला."

"अच्छा, गुलाबी कागदवाले." त्यांचं नाव कमलबाई, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी काठी खाली ठेवली. "हस्ताक्षरातली प्रत आणली का?"

"आणली. पण वाटेत सांडली, बाई. मी कंपोझिटर, माझा हात खिळ्यांचा. कविता कुठे आलेल्या नाहीत, ते आमचेच कच्चे छाप."

त्याने गाठोडं सोडलं, खिशातून स्टिक काढली, आणि गच्चीवरच्या सावलीच्या पट्ट्यात मांडी घालून बसला. कविता तोंडपाठ होती. बोटं ढिगात शिरली. टिक, टिक. कमलबाई बिबडे विसरून समोर स्टुलावर बसल्या. कावळे खाली उतरले, एक बिबडा गेला, दुसरा गेला, त्यांनी हाकलले नाहीत. कौतिकचे डोळे अर्धे मिटले. दहाव्या ओळीपाशी त्याचा हात थांबला. ढीग चाळला, फडकं झटकलं. मग एक काना आणि एक र बाजूला काढून मांडीवर ठेवला, उरलेली अक्षरं जरा सैल बसवली, आणि पुढे गेला.

झालं तेव्हा कमलबाई आत जाऊन त्याचा गुलाबी कागद घेऊन आल्या. "मला उलटं वाचता येत नाही. तुम्ही वाचा."

कौतिकने वाचलं:

दिवसभर जोडतो दुसऱ्यांची नावं
संध्याकाळी मोडतो
बोटांना शाई राहते
कुणाच्या हळदीची
कुणाच्या राखेची
आणि नावं निघून जातात
आपापल्या घरी
मी हात धुतो
पाण्यात थोडी अक्षरं उतरतात
माझ्या वाट्याला ओळी उरतात
त्याही सकाळी उठून
कुणाच्या तरी लग्नाला जातात

कमलबाई कागदावर बोट ठेवून ऐकत होत्या. "इथे 'चार ओळी' आहे. तुम्ही चार वगळलंत."

"एक च बसमध्ये राहिला. वैशाखात असाही तो कमीच असतो." कौतिकने मांडीवरचा काना आणि र मुठीत घेतला. "आणि आता वाटतं, असंच बरं. किती उरतात ते कशाला सांगायचं."

बाईंनी कागद मांडीवर ठेवला. कावळ्यांनी खाटेचा एक कोपरा साफ केला होता. "बावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं उतरवणारा कधी मध्येच शब्द बदलत नाही. घाबरतो." मग पेन काढून त्यांनी चोवीस कवितांच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'कवीच्या हातची प्रत. स्पर्धेत धरावी,' आणि खाली सही केली. "पाणी देऊ का, की आधी कावळ्यांना हाकलता?"

कौतिकने काठी उचलली.

स्पर्धेत पुस्तिका निघाली ती दुसऱ्याच कुणाची, शिरपूरकडच्या एका मास्तरांची. ती बातमी आली तेव्हा कौतिकने दोन दिवस खिळे आपटून आपटून खणात टाकले, आणि तिसऱ्या दिवशी जब्बारशी शाईवरून भांडला. पण दिवाळीनंतर 'सरकी'चा अंक आला. सत्तावीस नंबरच्या पानावर त्याची कविता होती.

तो अंक घेऊन अंगणात खाटेवर बसला. कविता त्याने वाचली नाही. पान उलटलं आणि पाठीमागून त्याच्यावर अंगठा फिरवला. धुळ्याच्या मशीनमनने दाब जरा जास्त दिला होता, अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटून वर आली होती, उलटी. कौतिक अंगठ्याने वाचत गेला. पहिली ओळ, दुसरी, हळद, राख. दहाव्या ओळीपाशी अंगठा थांबला. तिथे शब्दांमधली जागा सैल होती, त्याने गच्चीवर सोडली होती तशीच. कमलबाईंनी शब्द कळवला असेल, पण ही जागा कोण कळवणार? कुणीतरी ती ओळ उचलताना तिथे थांबलं होतं.

"वाचा ना मोठ्यानं," सुनंदाबाई म्हणाली.

त्याने वाचली. ती ऐकून झाल्यावर तिने अंक देव्हाऱ्यात कानबाईपुढे ठेवला, पानाला हळदीचं बोट लावलं. कौतिकने मात्र शेवटचं पान आधीच बघून ठेवलं होतं. तळाशी नाव मालकाचं होतं, पत्ता छापखान्याचा.

दुसऱ्या दिवसापासून तीन संध्याकाळी तो एका पोस्टकार्डावर वाकून बसला. आधी अक्षरं, मग काने, मग मात्रा. वरची रेघ या वेळी त्याने आठवणीने दिली, पण शेवटी, एकदमच, पट्टी लावून. पत्ता लिहायला नसीमला बोलावलं नाही.

'कंपोझिटरभाऊ, सरकीचा छापखाना, धुळे यांस. पान सत्तावीस पाहिलं. दहावी ओळ सैल ठेवली, चांगलं केलं. कौतिक, कंपोझिटर, जळगाव.'

टपालपेटीकडे निघाला तसं सुनंदाबाईने हाक मारून थांबवलं आणि कार्डाच्या कोपऱ्याला हळद लावली.